बीस्ट की स्टील व्हेन्जन्स? एका चष्मेवाल्याचा कौल

गणपती आटोपले की आमच्या ओहायोतल्या कोलंबसच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला. पुण्याहून भाचा आलाय, रोलर कोस्टरचं वेड आहे, हातात एकच शनिवार आहे. किंग्ज आयलंडला नेऊ की सीडर पॉइंटला? मग दहा जण दहा कोस्टरांची नावं टाकतात आणि विचारणारा आधी होता त्यापेक्षा जास्त गोंधळतो. माझं म्हणणं, प्रश्न दोन पार्कांचा धरूच नका. दोन लाकडी म्हाताऱ्यांचा धरा. दक्षिणेला दीड तासावर मेसनमध्ये किंग्ज आयलंडचा ‘द बीस्ट’, उत्तरेला दोन तासांवर ईरी सरोवराच्या काठी सँडस्कीत सीडर पॉइंटचा ‘स्टील व्हेन्जन्स’. हा शनिवार मी स्वतः चार-पाच वेळा ठरवलाय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. तरी शक्यतो सरळ सांगतो.

वंशावळ थोडक्यात, कारण ती उपयोगी पडते. बीस्ट १९७९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. आखणी पार्कच्याच अल कॉलिन्स आणि जेफ ग्रॅमके यांची, बांधकामावर देखरेख चार्ली डिन यांची. पुढे डिन यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९९१ मध्ये सीडर पॉइंटला ‘मीन स्ट्रीक’ नावाचा अवाढव्य लाकडी कोस्टर उभा केला. आराखडा कर्टिस समर्स यांचा. म्हणजे दोन्ही तसे एकाच मिस्त्रीच्या नजरेखालचे. म्हातारपण मात्र दोघांच्या वाट्याला वेगवेगळं आलं.

लाकडी कोस्टर म्हातारा होतो म्हणजे काय, हे आपल्याला समजवायला नको. रूळ म्हणजे पाइनच्या फळ्यांचे एकावर एक थर आणि वर पोलादाची पट्टी. पाऊस पडला की फळी फुगते, ऊन लागलं की आकसते, बोल्ट सैल होतात, गाडी रोज त्याच जागी आदळते आणि छोटा खळगा मोठा होतो. पावसाळ्यानंतरचा आपला कुठलाही रस्ता आठवा. दर हिवाळ्यात पार्क बंद असताना सुतार थोडे थोडे रूळ उखडून नवे घालतात, आणि दर वर्षी हे गणित महाग होत जातं. मग एक दिवस मालकासमोर तेच तीन पर्याय येतात जे पेठेतल्या वाड्याच्या मालकासमोर येतात: डागडुजी, पुनर्विकास, नाहीतर सरळ पाडणं.

ओहायोत तिन्ही पाहायला मिळतात. पाडल्याचं उदाहरण किंग्ज आयलंडमध्येच आहे, ‘सन ऑफ बीस्ट’. २००० साली आला, २१८ फूट उंच, लाकडी असून गाडीला उलटी फिरवणारा लूपसुद्धा होता. २००६ मध्ये अपघात होऊन सत्तावीस जण जखमी झाले, मग लूप काढला, २००९ मध्ये गाड्या कायमच्या थांबल्या आणि २०१२ मध्ये सगळं जमीनदोस्त केलं. लेकाचा असा शेवट झाला, बाप अजून धावतोय.

मीन स्ट्रीकच्या नशिबी पुनर्विकास आला. तो खडबडीत म्हणून प्रसिद्धच होता. मी त्यावर एकदाच बसलोय, २०१५ च्या उन्हाळ्यात. पहिल्याच उतारावर ब्रेक बसवलेले होते, म्हणजे वरून सुटायचं आणि लगेच कुणीतरी शर्टाची कॉलर धरायची. १६ सप्टेंबर २०१६ ला त्याची शेवटची फेरी झाली. मग आयडाहोच्या रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शनची माणसं आली. ही मंडळी लाकडाचा सांगाडा बराचसा ठेवतात, फळ्यांचे रूळ काढून टाकतात आणि त्या जागी घडवून आणलेला पोलादी रूळ बोल्टांनी बसवतात. पोलादाला हवं तसं वळवता येत असल्यामुळे १६१ फुटांचा मीन स्ट्रीक २०५ फुटांचा झाला, पहिला उतार काटकोनात आला आणि चार ठिकाणी गाडी उलटी होऊ लागली. ५ मे २०१८ ला तो स्टील व्हेन्जन्स म्हणून उघडला. वाडा पाडून टॉवर बांधतात तेव्हा निदान पाटीवर ‘अमुक वाडा’ ठेवतात. इथे नावही गेलं.

बीस्टला मिळाली डागडुजी. २०२१-२२ च्या हिवाळ्यात सिनसिनाटीच्याच ग्रॅव्हिटी ग्रुपने त्याचा दोन हजारांहून जास्त फूट रूळ नव्याने घातला, लाकडाचाच. पहिला उतार ४५ अंशांवरून ५३ वर नेला. एरवी फारसं काही हलवलं नाही. तोच सात हजारांहून जास्त फुटांचा लांबलचक मार्ग, तीच झाडी.

आता अनुभव.

स्टील व्हेन्जन्स हे अफाट प्रकरण आहे, हे आधीच कबूल करतो. पहिला उतार संपतो न संपतो तोच गाडी एका वळणावर आत झुकायच्या ऐवजी बाहेर झुकते, आणि पोटातलं सगळं डावीकडे की उजवीकडे जावं या विचारात पडतं. आसनावरून उचललं जाण्याचे क्षण मोजले तर २७.२ सेकंद भरतात, असं पार्कच सांगतं. सुरुवातीला मला हा आकडा जाहिरातीचा वाटला होता. बसून आल्यावर वाटलं, कमीच सांगताहेत. रूळ इतका गुळगुळीत की कानाला फक्त वारा आणि शेजारणीची किंकाळी. दुसऱ्या अर्ध्यात गाडी मीन स्ट्रीकच्या जुन्या खांबांच्या जंगलात शिरते. डोक्यापासून वीतभर अंतरावरून तुळया जातात असा भास होतो. माझ्या मते या कोस्टरचा जीव तिथे आहे. जुना म्हातारा पोटात घेऊन नवा धावतोय, हे तिथे दिसतं.

दिसतं म्हणे. मला ते दुसऱ्यांकडून ऐकावं लागलं.

माझा चष्मा उणे साडेसहाचा आहे. लेन्स मला सोसत नाहीत, दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. पहिल्या वेळी, २०१८ मध्ये, मी चष्म्याला मागून इलास्टिकची दोरी बांधून बसलो. चढ छान गेला, डावीकडे सरोवर पसरलेलं, हवा स्वच्छ. उतार लागला. ते बाहेर झुकणारं वळण आलं तेव्हा मी वर उचलला गेलो आणि चष्मा माझ्यापेक्षा जास्त उचलला गेला. दोरीने त्याला पळू दिलं नाही, पण तो कपाळावर चढून बसला तो बसलाच. हात खाली घेऊन बार घट्ट धरायचा की चष्मा नाकावर आणायचा? मी बार धरला. पुढची दीड-दोन मिनिटं जगातला बहुधा सगळ्यात भारी कोस्टर मी आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा अनुभवला. कधी काय येणार कळत नव्हतं, आणि अंगाने तयारी केलीच नसल्यामुळे मानेला हिसके बसले ते वेगळे.

दुसऱ्या वेळी दोरी इतकी आवळली की कानामागे वळ उठले. चष्मा जागेवर राहिला, पण वेगाने डोळ्यांत पाणी आलं आणि आतून काच ओली झाली. तिसऱ्या वेळी वैतागून रांगेत शिरतानाच चष्मा बायकोच्या हातात दिला. दीड तास पुढच्या माणसाची पाठ हा एकच आधार. रांगेतल्या एका पोराने मला वाकून काहीतरी दाखवलं, मी हसून मान डोलावली. काय होतं देव जाणे.

तुम्ही म्हणाल, हे काय कारण झालं? दोन हजार टन थरार एका चष्म्यासाठी नाकारायचा? मान्य आहे, हा दोष माझ्या डोळ्यांचा, कोस्टरचा नव्हे. पण ठरवताना शेवटी अशाच गोष्टी आड येतात. ज्या गोष्टीसाठी दोन तास गाडी हाकायची आणि दीड तास उभं राहायचं, ती तीन वेळा पाहायची राहून गेली. तिसऱ्या वेळी परतताना बायको एवढंच म्हणाली, “आता पुरे.”

बीस्टवर चष्मा नाकावर राहतो. थरथरतो, टकटकतो, पण जागा सोडत नाही, कारण बीस्ट तुम्हाला आसनावरून फारसं उचलतच नाही. तो तुम्हाला आडवा झोडपतो. पहिला उतार संपता संपता गाडी जमिनीखालच्या बोगद्यात शिरते आणि मग रानात हरवते. आणि गंमत अशी की बीस्टवर खरं बसावं ते रात्री, आणि रात्री तिथे बघण्यासारखं काही नसतंच! दिवे नाहीत, झाडं काळी, पुढचा रूळ दहा फुटांपलीकडे दिसत नाही. जिथे सगळं दिसण्यासारखं तिथे माझा चष्मा कपाळावर, आणि जिथे मिट्ट काळोख तिथे नाकावर व्यवस्थित. तरीही काळोख स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यात जी मजा आहे ती धूसर प्रकाशात नाही, एवढं मी म्हणेन.

आवाजाबद्दल सांगायलाच हवं. लहानपणी गावच्या जत्रेत ‘मौत का कुआँ’च्या कठड्यावर उभे राहिला असाल तर तो आवाज तुमच्या पायांत असेल. मोटरसायकल भिंतीवर चढायची आणि गोल गोल फिरताना फळ्या एकामागून एक वाजायच्या. आपण उभे असायचो ती फळीसुद्धा. बीस्टच्या शेवटच्या दुहेरी भोवऱ्यात नेमका तोच आवाज येतो, फक्त या वेळी मोटरसायकलवर आपण असतो. पोलादी रुळावर हा आवाज मिळणं शक्य नाही. सांगाड्यात लाकूड कितीही असो, चाकाखाली फळ्यांचे थर नसतात, अख्खा पोलादी रूळच असतो.

बीस्टचे दोष झाकत नाही. दुसरा चढ कंटाळवाणा आहे. गाडी इतकी सावकाश चढते की माणसं गप्पा सुरू करतात. मागच्या वेळी मागच्या डब्यात कुणीतरी उद्याच्या किराण्याची यादी सांगत होतं. उतारांवर ब्रेकही लागतात. नवा रूळ घातलेले भाग लोण्यासारखे आणि जुने भाग जुने, हा फरक कमरेला लगेच कळतो. कंबर नाजूक असेल तर चाकांच्या वरची जागा टाळा, डब्याच्या मधली ओळ घ्या. लाकडी कोस्टरांबद्दल मी डोळे झाकून बोलत नाही. एका दुसऱ्या राज्यातल्या पार्कात, नाव घेत नाही, अशाच एका म्हाताऱ्याने माझी मान आठवडाभर धरून ठेवली होती. तिथे डागडुजी वेळेवर झाली नसावी असा माझा आपला अंदाज. आणि अशा कोस्टरच्या बाबतीत मी स्वतःच म्हणेन, पोलाद घाला नाहीतर निवृत्त करा. मीन स्ट्रीकचं जे झालं ते चुकीचं झालं असं मला मुळीच वाटत नाही. त्याला पाडण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

उंचीचं मात्र पाहून घ्या, कारण घरातून निघाल्यावर उपयोग नाही. बीस्टला ४८ इंच लागतात, स्टील व्हेन्जन्सला ५२. आठ-नऊ वर्षांचं पोर बरोबर असेल तर हे चार इंच अख्ख्या दिवसाची घडी मोडतात. एक जण रांगेत, एक जण पोराबरोबर खाली, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मग अदलाबदल. बीस्टला आम्ही तिघं एका ओळीत नाही, पण एका गाडीत तरी बसलो.

तर भाचा वीस-बावीसचा असेल, चष्मा नसेल किंवा लेन्स लावत असेल, आणि पुण्याला परत जाऊन मित्रांना सांगायचं असेल की मी ते केलं, तर सीडर पॉइंटला न्या. स्टील व्हेन्जन्स पार्कच्या मागच्या टोकाला आहे, तेव्हा गेट उघडताच थेट तिकडे चाला, बाकीचं नंतर. तो खूश होईल, तुम्हीही व्हाल. बरोबर लहान मूल असेल, आई-बाबा असतील, किंवा तुम्ही माझ्यासारखे असाल, तर किंग्ज आयलंडला जा, दुपारी जरा उशिराच निघा. बीस्ट दिवसा एकदा करून सोडू नका. अंधार पडेपर्यंत थांबा, स्वेटर बरोबर ठेवा, आणि शेवटच्या गाडीच्या सुमारास रांगेत उभे राहा. ऑक्टोबरमध्ये रात्रीची हवा गार असते, पहिल्या चढावर साखळीचा खडखडाट सोडून काही ऐकू येत नाही.

आमच्याकडे हा निर्णय यंदापुरता झालाय. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. सगळ्यात वरची ऑगस्टमधली, साडेएक्कावन्न इंचांची. परवा ती बूट घालून तिथे उभी होती. मी बूट काढायला लावले.