१०×५० दुर्बीण, एका पावसाळ्यानंतर: काचा ठीक, उजव्या डोळ्याचं कडं मात्र वैताग

मुंबईच्या सर्व्हिस सेंटरने दुर्बीण उघडूनसुद्धा न बघता परत धाडली. सोबत छापील कागद, त्यावर पेनने खरडलेलं: "आत बुरशी. ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही." जातानाचं कुरिअर माझ्या खिशातून, येतानाचंही माझ्याच. म्हणून हे लिहायला बसलो. चतुर्थीपर्यंत मी हिला पाचपैकी चार गुण देत फिरत होतो. कंपनीचं नाव घालत नाही, नाव आलं की लोक त्यावरूनच भांडत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

पोरो प्रिझम (आत उजेड वळवणाऱ्या तिकोनी काचा), वजन पाऊण किलोच्या वर वगैरे सगळं खोक्यावर असतं, ते परत सांगत नाही. घेतली ती आयर्नमन ७०.३ साठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची शर्यत; २७ ऑक्टोबर २०२४, गोव्यात मिरामारला. बायकोचा भाऊ भाग घ्यायला पुण्याहून आला होता आणि त्याच्या पाठोपाठ सासूबाई. ७०.३ हा आकडा मैलांचा. आपल्या हिशेबात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. सायकल आणि धावणं रस्त्याकडेला उभं राहिलं की दिसतं. पोहण्याचं तसं नाही. घोट्याला बांधलेली चिप वेळ नोंदवणाऱ्या मॅटवरून गेली की ॲपवर वेळ उमटते, पण समुद्रात मॅट कुठून असणार? माणूस पाण्यात शिरला की बाहेर येईपर्यंत ॲप गप्प. आणि सासूबाईंना नेमकं तेवढंच बघायचं होतं, कारण मुलाने समुद्रात पोहणं हाच त्यांच्या काळजीचा विषय. दुर्बिणीचे साडेपाच हजार गेले ते त्या काळजीपोटी.

फोंड्याहून पहाटे साडेचारला निघालो. मिरामारकडचे रस्ते बंद, म्हणून गाडी लांब पणजीत लावून चालत गेलो. बायकोने उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि सुकी भाजी घेतली होती, ती सुरुवातीचा भोंगा व्हायच्या आतच निम्मी संपली. वाळूत जागा चांगली मिळाली, समोर आग्वादचा डोंगर आणि पाण्यात खुणेचे मोठाले फुगे. हळूहळू टोप्यांची रांग पाण्यात शिरली. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की हौशी स्पर्धकांना वेटसूट (पोहायचा जाड रबरी पोशाख) चालत नाही, आणि आपला समुद्र तेवढा गार होतोय कशाला. त्यामुळे सगळे उघड्या हातांचे, आणि ओळखायचं ते टोपीवरून आणि हात मारण्याच्या ढबीवरून.

दहापट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही दहापट मोठा होतो. उभं राहून बघितलं तर डोकं गरगरतं. वाळूत बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली की चित्र शांत होतं. हे जमल्यावर काचांबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. पहाटेच्या मंद उजेडातसुद्धा टोपीचा रंग कळत होता, ५० मिलिमीटरच्या काचांचा फायदा तो.

आता कडं. उजव्या डोळ्याच्या भिंगाला एक फिरतं कडं असतं, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढायला. उजवा डोळा मिटायचा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून हे कडं फिरवायचं. एकदा लावलं की त्या माणसापुरतं काम संपलं. पण आमच्या घरात माणसं चार. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं व्हायचंय, म्हणजे त्यांचं कडं पार एका टोकाला. माझं मधोमध. बायकोचं त्याच्या जरा अलीकडे. आणि मुलगी कडं फिरवते ते केवळ फिरतंय म्हणून. या कड्याला लॉक नाही, खटका नाही, खूण म्हणून एक बारीकसं शून्य. शिवाय इतकं सैल की दुर्बीण गळ्यात घालून चाललं तरी शर्टाला घासून फिरतं.

"जावईबापू, यात नुसतं धुकं आहे हो."

मी घ्यायचो, लावून द्यायचो, तोवर टोप्या पुढच्या फुग्यापाशी पोचलेल्या. त्या टोप्या सापडेपर्यंत बायको म्हणायची, मलाही एकदा बघू द्या. परत कडं. त्या पहाटे मी समुद्रापेक्षा ते कडंच जास्त बघितलं. शेवटी मामा पाण्यातून बाहेर आला तो आमच्या मुलीने नुसत्या डोळ्यांनी ओळखला. दुर्बीण तेव्हा सासूबाईंच्या हातात होती आणि त्या भलत्याच माणसासाठी टाळ्या वाजवत होत्या. त्यानंतर दुपारपर्यंत सायकल आणि धावणं, तिथे दुर्बीण पिशवीतच राहिली.

घरी आल्यावर बायकोच्या नेलपॉलिशने कड्यावर खुणा केल्या. लाल ठिपका सासूबाईंचा, गुलाबी बायकोचा, मी बिनठिपक्याचा. निम्मा प्रश्न सुटला. पण खूण असून उपयोग काय, कडं खुणेवर थांबायला तर पाहिजे! दुकानदाराला फोन केला, तर म्हणे सगळ्यांचं असंच असतं. महागड्यांचं नसतं, वर ओढून फिरवायचं आणि खाली दाबून बंद करायचं कडं त्यांत मिळतं. दाबून बंद होणाऱ्या एका कड्याचे जास्तीचे किती घेतात ते बघा आणि मग ठरवा.

तरीही चार गुण का देत होतो, तर त्यानंतरचे महिने. आमच्या मागच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) धनेश येतो हे आवाजावरून माहीत होतं, पण तो जायफळ चोचीच्या टोकात धरून हवेत उडवतो आणि मग गिळतो, हे पहिल्यांदा बघितलं. थंडीत गुरूचे चंद्र दिसले, दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवून. तिथे माणूस एकटा असतो, कडं फिरवायला दुसरं कुणी नसतं, म्हणून दुर्बीण आवडायला लागते.

मग पाऊस. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि चार महिने कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते. दुर्बीण तिच्याबरोबर आलेल्या चामडी डब्यात होती. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. ढगांतून जरा फट मिळाली म्हणून काढली, तर चंद्राभोवती दुधाळ पसारा. आधी ढगांवर ढकललं. मग समोरच्या बाजूने टॉर्च मारला, तर उजव्या नळीत प्रिझमवर पांढरे बारीक धागे, फांद्या फुटलेले. पुन्हा उजवीकडेच, हे लक्षात घ्या. माझा संशय असा की त्या सैल कड्याच्या फटीतूनच दमट हवा आत जात असणार.

फोनवरच्या बाईंना मी विचारलं, खोक्यावर पाण्याचे थेंब छापलेत ते कशाला? त्या म्हणाल्या, ते पाणी उडालं तर चालेल म्हणून, वॉटरप्रूफ नव्हे. म्हटलं, मी तर थेंबभरही पाणी उडू दिलेलं नाही. तर म्हणाल्या, हवेतला ओलावा वेगळा. म्हणजे पाण्याची हमी आहे, पण हवेची नाही! काच साफ करून द्यायचा खर्च विचारला तर किमतीच्या निम्म्याच्या आसपास सांगितला. मी नाही म्हटलं, आणि वर लिहिलेला कागद आला.

म्हापशाला एक वयस्क गृहस्थ फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करायचे, अजूनही थोडंफार करतात. त्यांच्याकडे नेली. कडं एकदा फिरवलं आणि म्हणाले, "ग्रीस सुकलां, पात्रांव." (ग्रीस सुकलंय, साहेब.) आठशे रुपयांत प्रिझम पुसून दिले, दोन्ही नळ्यांचं चित्र जुळवून दिलं, आणि न सांगता कड्यात घट्ट ग्रीस भरलं. आता कडं जिथे ठेवाल तिथे राहतं. सर्व्हिस सेंटरच्या लेखी जो दोषच नव्हता, तो दोन बोटं ग्रीसने गेला. एका ठिकाणी काचेवरचा लेप बुरशीने खाल्लाय, तिथे कायमचा डाग राहणार असं त्यांनी सांगितलं. बघताना तो जाणवत नाही.

त्यामुळे गुण पुन्हा बदलतो: दुर्बिणीला साडेतीन, कंपनीच्या सेवेला शून्य. नवी तक्रार इतकीच की कडं आता सासूबाईंच्या बोटांना जड जातं. पहाटे तर मलाही जोर लावावा लागतो, ऊन चढलं की सैलावतं. ९ नोव्हेंबर २०२५ला परत मिरामार, मेहुणा दुसऱ्यांदा उतरतोय. या वेळी दुर्बीण पोहणं संपेपर्यंत सासूबाईंच्या लाल ठिपक्यावरच राहणार. बाकीच्यांनी ॲप बघावं.

घ्यायची असेल तर दुकानात आधी उजवं कडं एका बोटाने फिरवून बघा. सहज फिरलं तर परत ठेवा. अनेक हातांतून जाणार असेल तर दहापटीऐवजी आठपट घ्या, हात कमी थरथरतो. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की तापवून वाळवायचे, पण जेवणाच्या तव्यावर नको. तांदळात ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, आणि त्याचं पीठ काचांच्या कडांत बसतं.

चामडी डबा ओलावा धरून ठेवतो, मी तो वापरणं बंद केलंय. फोंड्यात कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा.