ड्रायसूट, आठ महिन्यांनंतर: तक्रार एकाच रिंगची

ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा डायव्हिंगचा सूट. गळ्याला-मनगटांना लॅटेक्सची सील्स, छातीवर सिलिंडरच्या नळीतून सूटात हवा भरायचा इन्फ्लेटर, डाव्या दंडावर ती बाहेर सोडायचा डम्प व्हॉल्व्ह. ४१ डायव्ह झाले, पाणी ६ ते १० अंश. ऊब छान, झिपमधून अजून थेंब आलेला नाही, खिसे उगाच मोठे. माझा सगळा राग आहे तो इन्फ्लेटरची नळी काढताना मागे ओढायच्या रिंगवर.

तेविसावा डायव्ह. १८ मीटरवर पाण्याच्या दाबानं सूट आवळायला लागला म्हणून बटण जरासं दाबून सोडलं. सुस्स... थांबेचना. हवा खांद्यांत चढली, गळ्याचं सील ताणलं आणि मी वर निघालो. डावं कोपर उंच केलं, तर डम्प व्हॉल्व्ह ढिम्म. डायव्हच्या आधी तरंगताना तो मीच घट्ट फिरवून बंद ठेवला होता. उलटा फिरवून पूर्ण उघडला, बुडबुडे सुटले, पण आत येणारी हवा त्यांना पुरून उरत होती. आता नळी काढण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जाड हातमोज्यांत ती अरुंद, गुळगुळीत रिंग साबणाच्या वडीसारखी निसटायची. तिसऱ्या झटक्याला निघाली तेव्हा मी ११ मीटरवर. दाब २.८ बारवरून २.१ वर आलेला, म्हणजे सूटात होती तेवढीच हवा एक तृतीयांशानं फुगलेली, वर नवी भरलेली वेगळीच. १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत तर ती दुप्पट होते. बडीनं (जोडीच्या डायव्हरनं) माझा पट्टा धरून स्वतःच्या बीसीडीतली (तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जॅकेटातली) हवा सोडली, म्हणून थांबलो. सिलिंडरचं गेज १३० वरून १०५ बारवर. १२ लिटरच्या सिलिंडरचे ३०० लिटर, काही सूटात गेले, बाकीचे माझ्या धापांत.

नळी निघाली की सूटात हवा भरता येत नाही. तिथून खाली गेलो असतो तर सूटानं पिळून काढलं असतं. डायव्ह तिथंच संपवला, तरंगणं बीसीडीवर सांभाळलं आणि मिनिटाला ९ मीटरच्या आत राहून वर आलो.

सूट दुकानात नेला. सहा आठवडे ठेवून घेतला आणि ‘व्हॉल्व्हमध्ये दोष नाही’ असं लिहून परत दिला, वर तपासणीचे पैसे लावले! मी तिथं जे बोललो ते इथं लिहीत नाही.

(इथपर्यंत लिहून महिना झाला. आता थोडं मागे घेतो.)

दुसऱ्या एका मेकॅनिकनं माझ्यासमोर इन्फ्लेटर खोलला. बटणाच्या दांड्याभोवती मिठाचे खडे आणि दोन वाळूचे कण. डायव्हनंतर मी सूटावर पाणी ओतायचो, पण बटण दाबत-सोडत कधी धुतलं नव्हतं. म्हणजे अडकलं ते माझ्याच आळसानं. रिंगबद्दल मात्र मत तसूभरही बदललेलं नाही. जी वस्तू संकटातच ओढायची, ती गारठलेल्या बोटांना सापडायला नको? मोठ्या कडेच्या रिंगची नळी मिळते, पण चांगली नळी टाकून दुसरी घेणं माझ्यानं होत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिंगवर चढवली. फुकटात काम झालं.

आता प्रत्येक डायव्हला ५ मीटरवर डोळे मिटून एकदा नळी काढतो, लावतो. बटण कधीच दाबून धरत नाही. थंड पाण्यात एकदम जास्त हवा ओढली की फर्स्ट स्टेज (सिलिंडरवरचा दाब कमी करणारा भाग) गोठून रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) फ्री-फ्लो होऊ शकतो, म्हणजे हवा अखंड सुटत राहते. अडकलेला इन्फ्लेटर नेमकं तेच करत असतो, हे मला नंतर सुचलं आणि तेव्हा खरी भीती वाटली.

हवा संपल्याचा सरावही केला. बडीचा ऑक्टोपस (जादा रेग्युलेटर) तोंडात घेऊन वर येताना दोघांचे सूट आणि दोघांच्या बीसीडी मिळून चार फुगे फुगत असतात. उजव्या हातानं एकमेकांना धरायचं, डावा हात हवा सोडायला मोकळा. पहिल्यांदा मी डावा हातच अडकवला आणि दोघेही बुचासारखे वर आलो, नशीब ४ मीटरवरच होतो. वजनं टाकायचा मोह झाला होता. ड्रायसूटात पाण्याखाली ती टाकली की मग वेग आवरत नाही.

डम्प व्हॉल्व्ह आता पाण्याखाली जाण्याआधीच पूर्ण उघडा असतो. मध्ये एकदा आतल्या फ्लीसचा धागा त्यात अडकून मनगट ओलं झालं, ते किरकोळ. ट्यूबची पट्टी खाऱ्या पाण्यानं चिरायला लागली आहे. ट्यूब अजून अर्धी शिल्लक आहे.