करवतकाठीचा नमुना खरा, पार्सल खोटं

दिवाळीच्या तोंडावर नागपुरात लॉनवर, मंगल कार्यालयांत हस्तकलेची प्रदर्शनं लागतात. तिथल्या एखाद्या स्टॉलवर वस्तू बघून घरपोच ऑर्डर द्यायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 28,600 रुपये गेलेत. पैशाचं वाईट वाटतंच, पण ते ज्या बहाण्याने काढून घेतले त्याचा संताप त्याहून जास्त आहे. कारागिराला त्याच्या हाताचं मोल मिळावं, या लोकांच्या इच्छेवरच तो सगळा धंदा उभा केलेला होता.

दरवर्षी इतवारीतून सुक्या मेव्याचे डबे आणून वाटण्यापेक्षा यंदा कुणाच्या तरी हातची वस्तू द्यायची, असं आमच्या घरात ठरलं होतं. दोन नणंदा आणि जाऊबाई, तिघींना करवतकाठी कोशाच्या साड्या, म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेल्या टसर रेशमाच्या. यजमानांच्या ऑफिसातल्या आठ जणांना ढोकरा पद्धतीने हाताने ओतलेले पितळी दिवे. प्रदर्शनातला तो स्टॉल नजरेत भरेल असाच होता. मागे मागावर बसलेल्या बायांचे मोठे फोटो, प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी, तिच्यावर गोल शिक्का आणि खाली 'फेअर ट्रेड सर्टिफाइड', म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणारा व्यापार. किमतीतला अर्ध्याहून जास्त वाटा थेट कारागिराच्या हातात जातो, असं तो माणूस सांगत होता.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडीकडचं. करवतकाठी मी लहानपणापासून बघत आले आहे, म्हणून साडी उघडून आधी उलटी केली. त्याने दाखवलेली साडी शंभर टक्के खरी होती, हे मी आजही सांगेन. अस्सल करवतकाठीत काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा आणि अंगाचा वेगळा. बाणा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. रंग जिथे भेटतात तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवत जावं लागतं. त्यामुळे काठाचा रंग गच्च राहतो, कोशाचा पिवळसर धागा त्यात मिसळत नाही, आणि साडी उलटी केली तरी करवतीचे दात सुलट बाजूइतकेच स्वच्छ दिसतात. हे काम सावकाशीचंच आहे, घाईत होत नाही. साडीची किंमत त्याने 7,800 सांगितली आणि ती मला रास्त वाटली.

खरी चलाखी याच्या पुढे होती. "हा पीस एकच आहे ताई, दाखवायला ठेवलाय. तुमच्या तिन्ही साड्या मागावर घ्यायला सांगतो, दिवाळीच्या आत घरी पोचतील." निम्मे पैसे आधी, कारण कारागिराला आगाऊ रक्कम द्यायची हा फेअर ट्रेडचा नियमच आहे, असं त्याचं म्हणणं. उरलेले पार्सल निघाल्यावर. सगळा व्यवहार यूपीआयवर झाला. बिल मागितलं तर "पार्सलमध्येच येईल" म्हणाला.

पार्सल आलं, बिल नव्हतं. मावशी तेव्हा आमच्याकडेच होती. तिच्या घरी पूर्वी माग होते. साडी हातात घेतली आणि घडीही न उलगडता म्हणाली, "हे कोनं देलं वं तुले? हा कोसा नाही होय." काठ उलटा केला तर मागे कातरलेले सुटे धागे. तांबडा काठ मळकट दिसत होता, कारण अंगाचाच सोनेरी धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेलेला. म्हणजे यंत्रमागाचा माल. मावशीने पदराच्या दशीतला एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. हा धागा वितळला, आकसला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. सरळसरळ पॉलिस्टर.

मग दिव्यांकडे वळलो. ढोकरा कामात मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी करतात, वरून मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर निघतच नाही, त्यामुळे दोन दिवे कधीच तंतोतंत सारखे होत नाहीत. आमच्या आठही दिव्यांवरच्या हत्तीच्या डाव्या कानावर एकाच जागी एकच खळगा होता. पोटाखालून जोडाची सरळ रेघ गेलेली. एकाच साच्यातून काढलेले आठ हत्ती. एका दिव्याचे 650 रुपये दिले होते. बस्तरचे कारागीर जे पिढ्यानपिढ्या करत आले, त्यांचं नाव या मालाला लावलं होतं.

फोन केला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "हाताचं काम आहे ताई, थोडा फरक पडतोच." जळलेल्या धाग्याचा व्हिडिओ पाठवल्यावर नंबर ब्लॉक. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर भलत्याच माणसाचं नाव. प्रदर्शन भरवणारे म्हणाले की आम्ही फक्त जागा भाड्याने देतो.

आता त्या शिक्क्याबद्दल, कारण पुढचं गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवणार आहे. चहा, कॉफी, कोको, साखर, कापूस अशा शेतमालावर दिसणारा फेअरट्रेडचा शिक्का वेगळा. हस्तकलेच्या क्षेत्रात जागतिक फेअर ट्रेड संघटना आहे. ती सुटी वस्तू नाही, तर संस्था तपासते, आणि सभासद संस्थांची नावं तिच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. तेव्हा चिठ्ठीवर संस्थेचं नाव नसेल, नुसतंच 'फेअर ट्रेड' छापलेलं असेल, तर त्या कागदाला काही अर्थ नाही. आगाऊ रकमेचं तत्त्वही खरं आहे: कारागिराने मागितल्यास हस्तकलेचा माल घेणाऱ्याने किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आधी द्यावी. पण ती जबाबदारी कारागिराकडून माल उचलणाऱ्या संस्थेची. दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून पैसे उकळायला तो नियम नाही. खऱ्या गोष्टीला असं वाकवलेलं मला सगळ्यात जास्त लागलं.

हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून हॅन्डलूम मार्क आहे, रेशमासाठी सिल्क मार्क. लेबलवरचा क्रमांक किंवा कोड तपासून बघा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: ही कोणत्या गावात, कुणी विणली? ज्याचा विणकराशी खरा संबंध आहे तो गाव सांगतो, नाव सांगतो, बहुतेक वेळा फोनही लावून देतो. आमच्या माणसाने "गडचिरोलीच्या आदिवासी भगिनी" एवढंच सांगितलं होतं. शक्य असेल तर समोर दिसते तीच वस्तू बिल घेऊन उचला. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात कारागीर स्वतः बसतात, त्यांच्याशी बोलता येतं.

या फसवणुकीचा फटका शेवटी विणकरालाच बसतो. माझी हकीकत ऐकून शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "म्हणूनच मी डबे देते, हातमागाच्या भानगडीत पडतच नाही." ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवणारे, तो उकळून धागा काढणाऱ्या बाया, मागावर बसणारे, कुणीच काही केलेलं नसताना त्यांचं एक गिऱ्हाईक तुटलं.

तक्रार कशी केली तेही सांगते. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर नोंद केली, नंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. चिठ्ठ्या, पार्सलचा पत्ता असलेला कागद, यूपीआयच्या नोंदी, चॅट, सगळं जपून ठेवलंय. साड्याही तशाच घडीत आहेत, कुणाला दिल्या नाहीत.

सारखीच तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र अर्ज करता येतो. यंदा दिवाळीआधी नागपुरातल्या प्रदर्शनातून करवतकाठीची ऑर्डर देऊन तुमच्याकडेही असंच पार्सल आलं असेल, तर काठ उलटा करून फोटो काढा, चिठ्ठी फेकू नका आणि मला कळवा. मी अर्ज भरायला घेतला आहे.