चेअरमन ओळखीचा आहे म्हणून ठेव ठेवावी का? पतसंस्था, सहकारी बँक, सरकारी बँक आणि खासगी बँक

मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे असे मिळून चोवीस लाख हातात आले. पुण्यात वारज्याच्या घरी जेवायला बोलावलं आणि ताटं मांडायच्या आत डायरी पुढे सरकवली. तिच्यात चार ओळी होत्या: तालुक्यातली पतसंस्था साडेनऊ टक्के, शहरातली सहकारी बँक पावणेआठ, खासगी बँक सव्वासात, सरकारी बँक सात. पतसंस्थेच्या ओळीपुढे कंसात लिहिलं होतं, "चेअरमन आपल्या गावचा."

व्याजदर माझ्यासाठी दुय्यम होता. मी थांबलो तो कंसापाशी. गेली वीस वर्षं बँका आणि पतसंस्थांची ऑडिट करतोय. कुठलीही संस्था बुडताना पाहिली, की त्या कंसातलंच वाक्य कोणाच्या तरी तोंडी असतं. मी म्हटलं, "मामा, ज्या ओळखीनं तुमची ठेव तिथं जाते ना, त्याच ओळखीनं कर्जही बाहेर पडतं." मामी म्हणाल्या, "आधी जेवा."

जेवणानंतर चारही ओळींना मी एकच प्रश्न लावला. खुर्चीवर कोण बसवतो, आणि वेळ आली तर उठवतो कोण? राजकारण चारही ठिकाणी आहे, फक्त वेगवेगळ्या दारानं येतं.

पतसंस्थेचा विषय लवकर संपतो. संचालक मंडळ सभासद निवडतात, म्हणजे कागदावर लोकशाही. देखरेख राज्याच्या सहकार खात्याची. सहकार आयुक्त आपल्याच पुण्यात, मध्यवर्ती इमारतीत बसतात आणि त्यांच्या हाताखाली जिल्हा उपनिबंधक, सहायक निबंधक अशी उतरंड आहे. गडबड झाली की राज्याच्या सहकार कायद्यातल्या कलम ८३ ची चौकशी लागते, मग ८८ खाली जबाबदारी निश्चित करायची. हे आकडे आमच्या धंद्यात पोरंसुद्धा बोलतात. अडचण पुढे आहे. निबंधकाच्या आदेशावर अपील किंवा फेरतपासणीचा अर्ज सरकारकडे जातो आणि सरकार म्हणजे शेवटी सहकारमंत्र्यांचं टेबल. तिथून 'स्टे' आला की फाइल झोपते. चेअरमन ज्या गटाचा, त्या गटाचं सरकार असेल तर ती किती दिवस झोपेल हे तुम्हीच ठरवा. त्यात पतसंस्थेच्या ठेवीला 'डीआयसीजीसी'चा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा विमा नाही. बहुराज्यीय पतसंस्था असेल तर तिचा निबंधक दिल्लीत बसतो, म्हणजे मध्यवर्ती इमारतीत चकरा मारायचीही सोय नाही.

साडेनऊ आणि सात यातला फरक चोवीस लाखांवर वर्षाला साठ हजार होतो, महिन्याला पाच हजार. मामांना ते पाच हजार दिसत होते. मला चोवीस लाख दिसत होते.

शहरातली नागरी सहकारी बँक मात्र गुंतागुंतीची आहे, आणि पुणेकराला तिच्याबद्दल नीट समजून घेतलंच पाहिजे, कारण या शहरानं दोन्ही बाजू बघितल्या आहेत. १९१२ सालची रुपी बँक घ्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, मंडळ जाऊन प्रशासक आले, आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली हे लक्ष्मी रोडच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना मे २०२१ मध्ये गेला, पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा ऑक्टोबर २०२२ मध्ये. आणि याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या नीट चाललेल्या सहकारी बँकाही आहेत. त्यामुळे 'सहकारी म्हणजे बुडणार' हे वाक्य मला मान्य नाही.

इथं राजकारण निवडणुकीतून येतं. पॅनेलं उभी राहतात, किंवा वाटाघाटी होऊन सगळे बिनविरोध. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणही पुण्यातच आहे, मतदान रीतसर होतं. पण सर्वसाधारण सभेला एकदा जाऊन बघा. मंगल कार्यालय, पुढच्या दोन रांगा ठरलेल्या, विषयपत्रिकेवरचा विषय वाचून व्हायच्या आत मागून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" एका सभेत लेखापरीक्षकांच्या नेमणुकीचा विषय पुकारला गेला, आणि वाक्य संपेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं. नेमणूक माझीच होती. मानधन किती ठरलं हे मला सभेनंतर, वड्याची पुडी हातात असताना, सचिवांकडून कळलं.

२०२० नंतर मात्र गोष्टी बदलल्या आहेत आणि मामांना मी यावरच जास्त वेळ घालवायला लावला. १९६६ पासून या बँकांवर दुहेरी नियंत्रण होतं: व्यवस्थापन, निवडणूक, लवाद राज्याकडे आणि बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे. मंडळ बरखास्त करायचं तर रिझर्व्ह बँकेनं निबंधकाला सांगायचं. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं रिझर्व्ह बँक राज्य सरकारशी सल्लामसलत करून स्वतःच मंडळ बरखास्त करू शकते, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. निम्म्याहून जास्त संचालकांना हिशेब, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा एखाद्या विषयाचं ज्ञान किंवा अनुभव हवा, ही अटही लागू झाली. सलग संचालक राहण्याची मर्यादा आठ वर्षं होती, ती १ ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकांसाठी दहा झाली. माझ्या मते आठच पुरे होती. दहा वर्षं म्हणजे दोन पूर्ण मुदती, आणि दोन मुदतींत माणूस बँकेला आपलं घर समजायला लागतो.

जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी एक नियम केला: खासदार, आमदार, नगरसेवक यांना नागरी सहकारी बँकेचा व्यवस्थापकीय संचालक होता येणार नाही. लोक हे ऐकून खूश होतात. पण नियम पगारी, पूर्णवेळ खुर्चीचा आहे. निवडून येऊन साधा संचालक किंवा चेअरमन होण्याची वाट त्यानं बंद केलेली नाही. शंभर कोटींवर ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाखेरीज वेगळं व्यवस्थापन मंडळही नेमावं लागतं. ते नेमणार कोण? संचालक मंडळच.

जिल्हा मध्यवर्ती बँकेचं नाव मामांनी काढलं नव्हतं, मीच काढलं. पुणे जिल्हा बँकेवर अजित पवार १९९१ पासून २०२३ मध्ये राजीनामा देईपर्यंत संचालक होते, म्हणजे राजकारण तिथं दडलेलं नाही, समोरच आहे. तिचे बरेच संचालक गावच्या विकास सोसायट्यांच्या मतांवर येतात. सोसायटीच्या वतीनं मत कोण देणार याचा 'ठराव' कोणाच्या नावाचा, यावर निम्मी निवडणूक ठरते. पण वारज्यात राहणाऱ्या ठेवीदाराला त्या मतात वाटा नसतो. पुढे गेलो.

सरकारी बँकेत दार दिल्लीला आहे. शिवाजीनगरच्या लोकमंगलमध्ये मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र घ्या, १९३५ ची आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत. तिचा व्यवस्थापकीय संचालक कोण, हे पुण्यात ठरत नाही. पूर्णवेळ संचालकांची शिफारस करायला २०१६ मध्ये बँक बोर्ड ब्यूरो आला, जुलै २०२२ पासून त्या जागी वित्तीय सेवा संस्था ब्यूरो आहे. पण तो फक्त शिफारस करतो. शिक्का केंद्रीय मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा. अर्धवेळ, बिगरसरकारी संचालकही केंद्र सरकारच नेमतं, आणि 'आपल्या माणसाची सोय' हा आरोप प्रत्येक पक्षाच्या राजवटीत याच जागांवर झाला आहे. बँकांच्या संचालक मंडळांचा कारभार तपासायला रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या नायक समितीनं मे २०१४ मध्ये सांगितलं होतं की सरकारनं आपले भागभांडवल एका वेगळ्या कंपनीकडे द्यावं आणि नेमणुकांतून बाजूला व्हावं. ब्यूरो झाला, बाजूला होणं राहिलं. ऐंशीच्या दशकातले कर्जमेळे, म्हणजे पुढाऱ्यांच्या हस्ते सरकारी बँकांची कर्जं वाटायचे मेळावे, ज्यांनी काउंटरवर बसून बघितले त्यांना वरून येणारा फोन म्हणजे काय ते सांगायला नको.

मग फरक काय? इथं वशिल्याची किंमत करदाता भरतो. बुडीत कर्जं वाढली की सरकार भांडवल ओततं. ठेवीदार म्हणून मामा सुखरूप, नागरिक म्हणून मामांच्याच खिशातून. हे अन्यायाचं आहे, पण चोवीस लाखांचा विचार करताना मी ते त्यांना सांगून बाजूला ठेवलं.

खासगी बँकेत नेत्याऐवजी प्रवर्तक, म्हणजे बँक काढणारा. मुख्य अधिकाऱ्याच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, खात्यातून पन्नास हजारांची मर्यादा, मंडळ त्याच दिवशी बाजूला. १८ मार्चला निर्बंध उठलेही. तेरा दिवस. रुपीच्या साडेनऊ वर्षांशेजारी हे ठेवून बघा. मोठ्या बँकेसाठी दिल्ली-मुंबई रात्रभर जागते, पेठेतल्या बँकेसाठी नाही.

मामा म्हणाले, "म्हणजे सगळं शेवटी रिझर्व्ह बँकेवर. आणि तिला कोण नेमतो?" प्रश्न बरोबर होता. गव्हर्नर आणि चारपर्यंत डेप्युटी गव्हर्नर केंद्र सरकार नेमतं, मध्यवर्ती मंडळावरचे संचालकही सरकारच नेमतं. ऑगस्ट २०१८ मध्ये संघ परिवारातल्या स्वदेशी जागरण मंचाचे एस. गुरुमूर्ती आणि सहकार क्षेत्रात काम करणाऱ्या सहकार भारतीचे सतीश मराठे मंडळावर आले. त्याच वर्षी सरकार आणि रिझर्व्ह बँकेत जाहीर ओढाताण झाली, रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ७ खाली सरकारनं निर्देश द्यायचे का यावर चर्चा रंगली, आणि १० डिसेंबरला गव्हर्नर ऊर्जित पटेलांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. मराठे बँकिंगमधलेच, सहकाराची बाजू मांडणारा माणूस मंडळावर हवाही असतो. पण ज्याच्यावर नजर ठेवायची त्याचीच बाजू मांडणारा नजर ठेवणाऱ्यांत बसला, तर तोल कुठे जातो हे बघावं लागतं. तरीही तपासणीचं काम अधिकारी करतात, मंडळ रोज कर्जाच्या फायली बघत नाही. मी या पातळीवर घाबरत नाही. गावच्या पतसंस्थेत घाबरतो.

शेवटी आकड्यांवर आलो. विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाख, मुद्दल आणि व्याज मिळून, ४ फेब्रुवारी २०२० पासून. आधी एक लाखच होता. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आले तरी नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद आहे. म्हणून सहकारी बँकेत साडेचार लाखांच्या वर नको, व्याजाला जागा राहते. मामी पहिल्या आणि मामा दुसऱ्या नावानं असलेल्या खात्याचा विमा वेगळा धरला जातो, तेव्हा त्याच बँकेत दुसरे साडेचार. उरलेले पंधरा सरकारी बँकेत. पतसंस्थेत शून्य.

मामा लगेच तयार झाले नाहीत. "गावात काय तोंड दाखवू," असं दोनदा म्हणाले. मग मी त्यांना एक काम दिलं: सहकारी बँकेत पैसे भरण्याआधी वार्षिक अहवाल मागायचा, आणि चेअरमनचा फोटो ओलांडून हिशेबाच्या टिपांमध्ये संचालक व त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांची ओळ शोधायची. २००३ पासून अशी कर्जं द्यायला बंदी आहे, स्वतःच्या ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर घेतलेली सोडून. तिथं मोठा आकडा दिसला तर सरळ परत फिरायचं.

परवा त्यांचा फोन आला. शाखेत अहवाल मागितल्यावर काउंटरवरच्या मुलीनं आत जाऊन बरीच शोधाशोध केली आणि बँकेची भिंतीवरची दिनदर्शिका आणून दिली. मामा म्हणाले, "मी तिथंच खुर्ची ओढून बसलो. अहवाल मिळाला, पण चौथ्या शाखेतून मागवून. बत्तीसावं पान आहे, ये संध्याकाळी."