आठ महिने 'अ‍ॅप्ट' वापरून: सेलूतल्या सहा जुन्या मशिनींची हकीकत

सेलूत माझं छोटं दुकान आहे. पुढं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास. मशिनी सहा, सगळ्या सेकंडहँड. विंडोज त्यांना झेपेना म्हणून मार्चमध्ये सगळ्यांवर डेबियन 12 हे फुकटातलं लिनक्स टाकलं. डेस्कटॉप कसा दिसतो, मराठी टायपिंग कसं चालतं यावर बरेच जण लिहितात. मला लिहायचंय ते काळ्या खिडकीतल्या 'अ‍ॅप्ट'बद्दल, म्हणजे कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायच्या-काढायच्या सोयीबद्दल. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त संबंध तिचाच आला.

सुरुवातीला मी वैतागलो होतो. एक छोटा प्रोग्राम मागितला की हे बाबा चाळीस नावं वाचून दाखवतं आणि विचारतं, टाकू का? नंतर उमगलं, प्रोग्रामसोबत येणाऱ्या सामानाचे तीन प्रकार असतात आणि हे आपल्याकडच्या लग्नासारखं आहे. 'डिपेंड्स' म्हणजे मामा, त्याच्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे करवल्या. नसल्या तरी लग्न लागतं, पण रुसवेफुगवे नक्की. 'सजेस्ट्स' म्हणजे गावकरी, बोलावलं तर येणार. डेबियन मामासोबत करवल्याही आपसूक आणतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दुकान चालवणाऱ्याला करवल्या परवडत नाहीत. म्हणून मी 'रेकमेंड्स' बंद करून टाकलं. तिथंच फसलो. एका मशिनीवर छपाईचं 'कप्स' टाकलं, पण नेटवर्कवरचा प्रिंटर काही केल्या आपोआप दिसेना. दोन दिवस केबल बदलल्या, राउटरला दोष दिला. शेवटी कळलं की प्रिंटर हुडकणारा 'अवाही' हा करवल्यांमध्ये होता आणि मीच त्याला दारातून परत पाठवला होता. आता सेटिंग चालू ठेवतो. फार मोठी यादी आली तरच त्या एका वेळेपुरतं 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' जोडतो.

डेटाचा खरा प्रश्न सोडवला तो 'अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी'नं. काउंटरवरच्या मशिनीवर हे बसवायचं आणि बाकीच्या पाच मशिनींना सांगायचं की पॅकेज हवं असलं तर 3142 या पोर्टवर तिच्याकडं माग. एकानं उतरवलं की बाकीच्यांना घरातल्या घरात मिळतं. आधी प्रत्येक मशीन तेच सामान वेगळं नेटवरून ओढायची, म्हणजे एकूण सहा वेळा. महिन्याच्या अपडेटला एक अख्खा दिवस जायचा, आता दुपारच्या चहाआधी आटोपतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात क्लास किंवा अभ्यासिका चालवत असाल तर हे पहिल्याच दिवशी बसवा.

आता लाइटीचं. इन्व्हर्टरवर आमचे पंखे आणि काउंटर चालतं, मागची खोली नाही. डाउनलोड चालू असताना लाइट गेली तर काळजी नाही, अर्धवट फाइल बाजूला राहते आणि बहुतेक वेळा तिथूनच पुढं सुरू होते. पण सामान उलगडून बसवत असताना गेली तर पुढच्या वेळी 'डीपीकेजी'चं, म्हणजे सामान प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रामचं, काम अर्धवट राहिल्याचा निरोप येतो. मे महिन्यात असं तीनदा झालं. निरोपात पुढची कमांडही लिहिलेली असते, 'डीपीकेजी', पुढं 'कॉन्फिगर' आणि 'ए'. ती दिली की उरलेलं काम ते स्वतःच ओढून नेतं. तिन्ही वेळा मशीन सावरली, एकदाही नव्यानं फॉरमॅट करावं लागलं नाही. जुन्या व्यवस्थेत अशा वेळी सीडी शोधत फिरायचो.

एकदा क्लासमधल्या पोरानं हाक मारली, "सर, हे लॉक म्हनायलंय, फाइल डिलीट मारू का?" मी जवळजवळ उडीच मारली. लॉक म्हणजे दुसरं कुणीतरी आधीच काम करत असतं, आमच्याकडं बहुतेक वेळा मागं चाललेलं आपोआपचं अपडेट. कोणती प्रक्रिया अडवून बसलीय तिचा नंबरही ते सांगतं. पाच मिनिटं थांबायचं, बस्स. लॉकची फाइल उडवा असं सांगणारे व्हिडिओ बघून पोरं येतात, त्यांना आधी ते विसरायला लावतो.

सगळ्यात जास्त घाम काढला तो प्रिंटरनं. जुलैचा शेवट, पीकविम्याचे फॉर्म भरायला दारात रांग आणि नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवलेली डेब फाइल, म्हणजे डेबियनसाठी बांधलेलं पॅकेज. मी घाईत ती 'डीपीकेजी आय' देऊन बसवली. 'डीपीकेजी' नेटवरून काही आणत नाही, हातातलं सामान तेवढं ठेवतं. ड्रायव्हरला लागणारी जुनी लायब्ररी डेबियन 12 मध्ये नव्हतीच. त्यानंतर दुसरं काहीही मागितलं की अ‍ॅप्टचं एकच पालुपद, आधी हे मोडलेलं निस्तर. 'फिक्स-ब्रोकन' दिलं तर त्यानं ड्रायव्हरच काढायचा प्रस्ताव ठेवला! दारात म्हातारी माणसं सातबारा हातात धरून उभी. झक मारत जुना प्रिंटर जोडला. तेव्हापासून बाहेरची डेब फाइल 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल'नंच टाकतो, नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन. जमणारं नसेल तर ते आधीच नाही म्हणतं, निम्म्यात अडकवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गंमत वेगळी. दोन मशिनींवर अपडेटच होईना. म्हणे रिलीज फाइल (पॅकेजांच्या यादीसोबत येणारी, तारीख असलेली फाइल) अजून लागू झालेली नाही. कारण काय, तर मदरबोर्डवरचा सेल मेलेला, घड्याळ मागं पडलेलं आणि मशिनीच्या हिशोबानं ती फाइल उद्याच्या तारखेची. सीआर 2032 सेल बदलले, प्रश्न मिटला. सॉफ्टवेअरचा आजार इतक्या स्वस्तात बरा झालेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

तक्रार करायची तर 'ऑटोरिमूव्ह'ची करीन, म्हणजे कुणाला लागत नाही असं वाटणारं सामान काढणाऱ्या कमांडची. काउंटरच्या मशिनीवर 'नोम' हा डेस्कटॉप आहे. त्यातला एक नको असलेला प्रोग्राम काढला, त्याच्यासोबत 'नोम' नावाचं मेटापॅकेजही गेलं. ते नुसतं गाठोडं, त्याच्या जाण्यानं काही बिघडत नाही. पण त्या गाठोड्याच्या नावावर आलेलं सामान आता बेवारस ठरलं आणि ऑटोरिमूव्हच्या यादीत रोजच्या वापरातले प्रोग्राम दिसायला लागले. यादी वाचली म्हणून वाचलो. 'अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल' देऊन ती नावं माझ्या खात्यावर चढवली, तेव्हा ती यादीतून उतरली. बेवारस आणि निरुपयोगी यातला फरक त्याला कळत नाही, तो आपणच सांगावा लागतो. शिवाय डेबियन 12 मधल्या आवृत्तीत केलेलं उलटवायची सोय नाही. काय टाकलं, काय काढलं याची तारीखवार नोंद 'हिस्टरी' लॉगमध्ये मिळते, पण ती वाचून हातानंच सगळं परत बसवायचं.

ऑगस्टमध्ये डेबियन 13 आलं, त्यात अ‍ॅप्टची 3.0 आवृत्ती आहे. सध्या एकाच मशिनीवर टाकलंय, बाकीच्या पाच क्लासची बॅच संपल्यावर. पहिला फरक पोरांनीच दाखवला. काढायची नावं आता लाल रंगात आणि यादीच्या शेवटी येतात. "सर, लाल आलंय," म्हणत पोरगं होकाराचं 'वाय' दाबायच्या आधी बोट मागं घेतं.