गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता, पैसे मात्र घेतले

मे महिन्यात रामटेकहून परत येताना बोनेटमधून जळक्या तेलाचा वास यायला लागला. घरी आल्यावर ऑइल मोजायची गेज काढून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. नागपुरात मानेवाड्याला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीखाली रोज सकाळी डाग पडत होता. तो मी आठवडाभर पाहत होतो आणि सोडून देत होतो. गाडी पेट्रोलवरची, दहा वर्षं जुनी. आईला दर महिन्याला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, न्यावं लागतं, त्यामुळे गाडी बंद पडलेली परवडत नाही. दुसऱ्याच दिवशी मी रिंग रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो.

तिथल्या माणसाने गाडी वर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून लोंबणारा थेंब बोटावर घेतला आणि मला दाखवला. "भाऊ, क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवा लागते. क्लच प्लेट पण खराब होऊन राहिली असंल, एकाच खर्चात टाकून घ्या." (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, त्याच्या मागच्या टोकाला तेल अडवायला सील असतं.) थेंब तर डोळ्यांनी दिसत होता, मग शंका कशाची घेणार? दोन दिवसांनी गाडी मिळाली. 19,400 रुपये दिले. बिल म्हणजे एक चिठ्ठी, तिच्यावर "सील, क्लच, लेबर" एवढे तीन शब्द. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला. तिथेच मी अडून बसायला हवं होतं.

बारा दिवसांनी डाग पुन्हा पडला, त्याच जागी. परत गेलो तर म्हणाला, "आता इंजिनच काम मागते, हाफ इंजिन करा, बेचाळीस हजार." मी काही न बोलता गाडी घेऊन घरी आलो.

आमच्या शेजारचे काका एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. मी डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुवायलाच बसलो होतो. त्यांनी हात धरला. "थांब, आधी फोटो काढ. धुतल्यावर पुरावा राहात नाही." गाडी जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका) आणि त्यांनी बॅटरीचा उजेड बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या बोल्टवर धरला. "तो बोलून राहिला ना गिअरबॉक्स काढला म्हणून? मग हे बोल्ट कोणी खोलले?"

प्रत्येक बोल्टच्या डोक्याभोवती तेल आणि मातीची काळी खपली होती, वर्षानुवर्षं साचून दगडासारखी झालेली. पाना लागला असता तर ती कडेने तुटली असती आणि खालचं लोखंड चमकलं असतं. एकाही बोल्टवर ओरखडा नव्हता. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून आत पाहिलं तर आतली बाजू कोरडी होती. क्रँकचं मागचं सील खरंच गेलं असतं तर तेल आतून आलं असतं, क्लच ओला होऊन घसरला असता. तेल सगळं बाहेरच्या बाजूने ओघळत आलं होतं. त्या क्षणी जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

पुढचं काम आम्ही दोघांनी घरीच केलं. "तेल टपकते तिथे गळत नसते, भाऊ. सगळ्यात वरची ओली जागा शोध," हे काकांचं वाक्य मी सगळ्यांना सांगत असतो. तेल उतारावरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून थेंबाची जागा फसवी. इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधलं, डिझेल आणि ब्रशने सगळी मळी काढली, साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं. रात्रभर कोरडं होऊ दिलं. सकाळी इंजिनच्या बाजूंवर टाल्कम पावडर उडवली, बेल्टपासून लांब. गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली, मग कॉलनीत एक चक्कर मारली. बोनेट उघडलं तेव्हा पांढऱ्या पावडरीत एकच काळी रेघ उतरलेली होती, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गिअरबॉक्सकडच्या मागच्या कोपऱ्यातून निघून थेट बेल हाउसिंगपर्यंत.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, बस. कव्हर काढलं तर रबर प्लास्टिकसारखं कडक झालेलं, वाकवलं तसे त्याचे तुकडे हातात आले. नवीन पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांची सीलं मिळून 680 रुपये. पण काका तिथे थांबले नाहीत. त्यांनी ब्रीदरचा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह, काढून कानाशी हलवला. तो टकटक वाजायला हवा, आमचा घट्ट चिकटला होता. तो बंद असला की इंजिनच्या आत दाब साठतो आणि कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर काही महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं. तोही नवीन टाकला.

बसवताना घाई नको. दोन्ही पृष्ठभाग कपड्याने कोरडे करायचे, जिथे दोन भागांचा सांधा येतो त्या कोपऱ्यांवरच सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यायचा. जास्तीचं सिलिकॉन सुटून खालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकलं तर ऑइल वर चढत नाही आणि इंजिन खलास होतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आडवेतिडवे, थोडे थोडे आवळायचे. लहान पेट्रोल इंजिनांत हा जोर साधारण दहा न्यूटन मीटरच्या आसपासच असतो, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्यावा. जास्त जोर लावला की कव्हर तडकतं. आणि ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथेच बंद करा, घर दोन किलोमीटरवर असलं तरी. गळकं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळ्यांवर पडलं तर आगही लागू शकते.

पैसे मी यूपीआयने दिले होते, म्हणून व्यवहाराचा पुरावा आहे. फोटो आहेत, तारखेसह. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील करायलाच हवा असंही नाही.

मागच्या शनिवारी फोटो घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो होतो. मालकाने फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही, "काय करायचं ते करा" म्हणाला. बाजूला एक तरुण मुलगा उभा होता, बायको आणि लहान बाळ सोबत. त्याची गाडी वर चढवलेली, आणि कारागीर बोटावर थेंब घेऊन त्याला तेच सांगत होता, मागचं सील गेलं म्हणून. मी त्या मुलाला बाजूला घेतलं, बोल्टचे फोटो दाखवले. म्हटलं, भाऊ, आधी आपल्या गाडीच्या बोल्टचे फोटो काढ, आणि वर कुठे ओलं आहे ते बघ. त्याने मोबाइलची लाइट लावली आणि गाडीखाली वाकला.