नक्षीदार सिलिकॉन मॅट आणि फ्रिजची मॅट : साबणाच्या साच्यात वापरल्यानंतरचा अनुभव

घरी केलेल्या साबणावर नक्षी उमटवायला साडेसातशे रुपये मोजून घेतलेल्या सिलिकॉनच्या मॅटच्या कोपऱ्यात ‘फूड ग्रेड सिलिकॉन’ अशी इंग्रजी अक्षरे उठावात असावीत आणि विक्रेत्याने दाखवलेल्या एकाही छायाचित्रात ती दिसू नयेत, याचा राग मला अजून आहे. तेव्हा पुढचा मजकूर तटस्थ असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मॅट एरवी चांगली आहे आणि मध्यंतरी माझे मत बरेच बदललेही. पण त्या अक्षरांचा हिशेब आधी मांडतो.

साचा नेहमीचाच लांबट आहे, आतून 25 सेंटिमीटर लांब आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद. कोयऱ्यांची नक्षी असलेली ही मॅट त्याच्या तळाशी चपखल बसते आणि साबण साच्यातून उलटा काढला की नक्षी वर येते. अक्षरे मॅटवर सरळ आणि उठावात असल्यामुळे साबणावर ती उलटी आणि खोलगट उमटतात, तीही नेमकी टोकाकडून दुसऱ्या वडीवर. पहिल्याच घाण्यातली ती वडी माझ्या भाच्याने आरशासमोर धरली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. पाऊण किलो तेलाच्या घाण्यातून अडीच सेंटिमीटर जाडीच्या दहा वड्या निघतात आणि त्यांतली एक दर वेळी कुणाला भेट देण्याच्या लायकीची राहत नाही. मॅट फिरवून ठेवली तर अक्षरे दुसऱ्या टोकाला जातात, एवढाच फरक पडतो. तेवढा भाग कापून टाकावा, तर त्या जागी खाच राहते, मिश्रण तिच्यातून मॅटच्या खाली शिरते आणि आजूबाजूची नक्षीही बिघडते.

तक्रार केल्यावर ग्राहक सेवेने आधी मॅटचे छायाचित्र मागितले, मग साबणाचे, आणि दोन्ही मिळाल्यावर ही मॅट मुळात फाँडंटसाठी, म्हणजे केकवरच्या साखरेच्या आवरणासाठी, असल्याचे कळवले. विक्रीच्या पानावर ‘साबण’ हा शब्द ठळक छापलेला होता, हे दाखवून दिल्यावर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली गेली. सवलत नको, मॅट बदलून द्या, असे लिहिले, तेव्हा ‘तो तुकडा घरी वापरावा’ असा सल्ला मिळाला. घरात तशा वड्या वर्षभर पुरतील इतक्या साठल्या आहेत.

या वैतागातूनच मी स्वस्त पर्याय शोधू लागलो. सर्वांत स्वस्त म्हणजे फुकट मिळणारा बबल रॅप. ऑनलाइन खरेदीच्या प्रत्येक खोक्यात तो येतोच. बुडबुड्यांची बाजू वर ठेवून तो तळाशी अंथरला की साबणावर मधाच्या पोळ्यासारखी खळग्यांची नक्षी येते, आणि मध घातलेल्या साबणाला ती शोभते. मात्र मिश्रण पातळ ट्रेसवर असतानाच, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिळून येऊन नुकते दाट होऊ लागताच, ओतावे लागते. ते घट्ट झाले तर बुडबुड्यांच्या मधल्या घळीत हवा अडकते आणि नक्षीत भोके पडतात. शिवाय बबल रॅप हलका असल्याने मिश्रण ओतताना वर तरंगू पाहतो. त्याला तळाशी चिकटवण्यासाठी व्हॅसलीनचा पातळ हात पुरतो. खोबरेल लावले तर कॉस्टिक सोडा त्याचाही साबण करून टाकतो, व्हॅसलीनचा, म्हणजे पेट्रोलियम जेलीचा, मात्र साबण होत नाही. काढताना घाई केली, तर बुडबुड्यांच्या मधले पातळ कंगोरे तुटून रॅपबरोबर निघून येतात. त्यामुळे किमान दोन दिवस थांबणे भागच आहे.

खरा आनंद दिला तो फ्रिजच्या मॅटने. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत प्लॅस्टिकची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे फ्रिजच्या कप्प्यात किंवा कपाटाच्या फळीवर घालायची पारदर्शक मॅट मिळते, कुठे रेघांची, कुठे ठिपक्यांची, कुठे बारीक चौकटींची. मी घेतलेल्या पाकिटावर ईव्हीए (एक मऊ, लवचीक प्लॅस्टिक) असे लिहिलेले होते. दीडशे रुपयांत मिळालेल्या मॅटमधून माझ्या साच्याच्या मापाची इतकी अस्तरे निघाली की तळाबरोबर दोन्ही बाजूंनाही ती लावता आली. कात्रीने हवी तशी कापता येते, कडा साच्याला घट्ट भिडतात आणि तिच्यावर कुणाचे नावगाव नाही. चौकटीच्या नक्षीचा पहिला घाणा उलटा करून मॅट सोलून काढली तेव्हा एकही कंगोरा तुटला नव्हता, आणि त्याच संध्याकाळी सिलिकॉनच्या मॅटला एक तारा देऊन टाकावा असे मनात आले.

घेताना एक पथ्य मात्र पाळावे. फुलाफळांची चित्रे छापलेली मॅट घेऊ नये, कारण ताज्या साबणातल्या अल्कलीने, म्हणजे कॉस्टिकने, वरची शाई सुटते आणि साबणावर निळे-हिरवे डाग येतात. जाळीदार फोमची, ताटाखाली न घसरणारी मॅट तर अजिबात वापरू नये. मिश्रण तिच्या छिद्रांत शिरून तिथेच घट्ट होते आणि मग साबण व मॅट वेगळे करणे अशक्य होते. नक्षीचे ॲल्युमिनियमचे ट्रे आणि फॉइल यांचा विचारही मनात आणू नये. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडे खाल्ले जाते. प्लॅस्टिकच्या बाबतीत वस्तूवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा पाहावा. 2, 4 आणि 5 म्हणजे एचडीपीई, एलडीपीई आणि पीपी अल्कलीला दाद देत नाहीत; 1 म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, ते तीव्र अल्कलीत हळूहळू झिजते.

इथवरचे सगळे मत हिवाळ्यातले होते. एप्रिल-मे महिन्यांत चित्र पालटले. फ्रिजची मॅट वारंवार धुऊन वापरल्यावर धुरकट झाली, तिच्या कडा वर वळू लागल्या आणि त्या वळलेल्या कडेखाली साबणाचा पापुद्रा जमू लागला. तो चाकूने खरवडताना नक्षीची शेवटची ओळ हमखास जाते. याच काळात सिलिकॉनची मॅट पुन्हा बाहेर काढली, तर ती पहिल्या दिवसाइतकी सपाट होती आणि कोयरीच्या पोटातले बारीक ठिपकेही स्वच्छ उमटत होते. इतकी बारीक नक्षी फ्रिजच्या मॅटमध्ये नसतेच. अर्धा ग्लास गरम पाणी, थोडा ब्रश, आणि ती साफ. एक तारा देण्याचा विचार मी तेव्हा सोडून दिला.

सिलिकॉनची स्वतःची एक खोड उन्हाळ्यात उघडी पडते. मिश्रण जास्त तापून जेल, म्हणजे जेलीसारखे अर्धपारदर्शक, झाले, तर सिलिकॉनला लागलेल्या बाजूवर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य खड्डे पडतात. कोयरीवर असे खड्डे पडले की नक्षी देवी आल्यासारखी दिसते. तेल आणि कॉस्टिकचे द्रावण दोन्ही 35 ते 40 अंशांवर आणून मिसळायचे, साचा टॉवेलात गुंडाळायचा नाही आणि ओतल्याबरोबर तो फ्रिजमध्ये ठेवायचा, असे सुरू केल्यापासून खड्डे थांबले. फ्रिजमध्ये ठेवलेला साबण कडक व्हायला अर्थातच जास्त वेळ घेतो.

मॅट कोणतीही असली तरी ती सुटी होणे बरेचसे साबणाच्या घटकांवर अवलंबून असते. राईस ब्रान किंवा ऑलिव्हसारखी पातळ तेले जास्त असतील, तर साबण मऊ राहतो आणि नक्षीला चिकटून बसतो. खोबरेल तीस टक्क्यांच्या आसपास, सोबत थोडे कोकमचे तेल, आणि एक भाग कॉस्टिकला दोन भागच पाणी असे प्रमाण ठेवल्यावर मला त्रास झाला नाही. सोडियम लॅक्टेटने साबण लवकर कडक होतो, पण त्याची किंमत पाहून मी मिठावर भागवतो. अर्धा किलो तेलाला अर्धा ते एक चहाचा चमचा मीठ, कॉस्टिक घालण्याआधी पाण्यात विरघळवलेले. तरीही मॅट सुटत नसेल, तर साचा काही तास फ्रीझरमध्ये ठेवून मग सोलावी.

साबण लवकर उघडा करणाऱ्यांना आणखी एक अडचण येईल. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि उरलेली अल्कली मिळून पृष्ठभागावर सोडा ॲशची पांढरी पूड धरते आणि ती नक्षीच्या खाचांत बसली की निघत नाही. वाफ दिली तर पूड जाते, पण तिच्याबरोबर नक्षीची धारही जाते. मॅट तीन-चार दिवस लावून ठेवणे हाच सोपा उपाय मला लागू पडला. वड्या कापताना साबणाची लादी आडवी पाडून नक्षीची बाजू एका अंगाला ठेवावी. नक्षी खाली ठेवली, तर चाकू बाहेर पडताना तिचे टवके उडतात.

लांबट साच्यात एका वडीच्या वाट्याला नक्षीची अडीच सेंटिमीटरचीच पट्टी येते, हे विक्रेते कधीच सांगत नाहीत. मोठी कमळे, मोर, मंडले यांचे तुकडे होतात आणि कुठल्याच वडीवर काही पुरे दिसत नाही. अशा नक्षीसाठी पसरट साचाच हवा. लांबट साच्यासाठी बारीक, सतत फिरून येणारी नक्षी घ्यावी, आणि तेवढ्यासाठी साडेसातशे रुपये घालवण्याची गरज नाही.

सध्या घरच्या घाण्यांना फ्रिजची मॅट वापरतो आणि कडा वळल्या की नवी कापतो. दिवाळीत द्यायच्या साबणांना सिलिकॉन. अक्षरांवर निघालेला तोडगा असा की तेवढ्या जागी बबल रॅपची छोटी पट्टी व्हॅसलीनने चिकटवायची, म्हणजे त्या वडीवर कोयरीऐवजी खळगे येतात. लोकांना ते मुद्दाम केल्यासारखे वाटते. विक्रेत्याला तीन तारे दिले आहेत. मॅटच्या चारही कोपऱ्यांची छायाचित्रे पानावर टाकली, तर चौथाही देईन.